दिवाळी अंकांतील अपरिचित लेखक कसे शोधावेत, आणि त्यांना दाद कशी द्यावी?

माळरान :
नमस्कार. गेली सहा-सात वर्षे मी कथा लिहितो, आणि त्यांतील काही लहान दिवाळी अंकांत छापूनही आल्या आहेत. अलीकडे मात्र एक गोष्ट मनाला बोचते. अंक घरी आला की मी आधी स्वतःच्या कथेतील मुद्रणदोष शोधतो, मग दोन-चार नामवंतांचे लेख वाचतो आणि माझ्याच शेजारच्या पानावर छापलेल्या, माझ्याइतक्याच अपरिचित लेखकाला न वाचता अंक मिटून ठेवतो. दरवर्षी निघणाऱ्या शेकडो अंकांतून अशा लेखकांचे चांगले लेखन कसे हुडकावे? शिवाय आवडले तर ते कसे कळवावे? आम्ही दोघेही लिहिणारे असल्यामुळे ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ असा प्रकार होईल, ही भीती वाटते.

जुनी_अनुक्रमणिका :
मी सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव विभागात बरीच वर्षे काम केले. अनेक ग्रंथालये दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेऊन योजना चालवतात. पहिल्या महिन्यात ठरावीक अंकांवर उड्या पडतात. संक्रांतीनंतर हवे ते अंक निवांत मिळतात. तेव्हा दहा-बारा अंकांच्या केवळ अनुक्रमणिका वाचाव्यात आणि अनोळखी नावे वहीत टिपावीत. एकच अनोळखी नाव दोन निराळ्या संपादकांनी निवडलेले दिसले, तर त्या लेखकापासून सुरुवात करावी. माझा अंदाज क्वचितच चुकला आहे.

लळिंग :
वरील युक्ती चांगली आहे, पण तिच्यात संपादकांच्या निवडीवर सगळी भिस्त आहे. ‘सत्यकथे’तून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी किती लेखक घडवले, हे सर्वश्रुत आहे. तरीही १९६९ मध्ये लघुअनियतकालिकांच्या, म्हणजे स्वतःची लहान, अनियमित निघणारी नियतकालिके काढणाऱ्या बंडखोर लेखकांच्या पिढीने त्याच मासिकाची जाहीर होळी केली, कारण आपल्या लेखनाला तिथे दार बंद आहे, अशी तिची भावना होती. होळीचे समर्थन मी करणार नाही. मात्र कितीही जाणता संपादक झाला, तरी त्याच्या चाळणीतून काही धान्य खाली पडतेच. म्हणून आडगावांतून निघणारी लहान नियतकालिकेही वाचावीत. आमच्या धुळ्यातून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये केवळ कवितेसाठी ‘कवितारती’ सुरू केले, ते पुण्या-मुंबईकडे न पाहताच.

पाणवठा :
प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी लिहितो. ‘छान लिहिले आहे, लिहीत राहा’ या वाक्यातून लेखकाला काहीच कळत नाही. ते कथा न वाचताही लिहिता येते. मला आजवर आलेल्या प्रतिसादांपैकी एकच पूर्ण आठवतो. सावंतवाडीच्या एका वाचकाने पोस्टकार्डावर एवढेच विचारले होते, की तुमच्या कथेतील आजी दिवेलागणीनंतरच रहाटाला हात का लावते? ते मी लिहिले आहे, हेच मी विसरलो होतो. मग कथा पुन्हा काढून वाचली आणि तिचा शेवट बदलला. आपला मजकूर कोणीतरी बोट ठेवून वाचला, हे कळण्याचे समाधान फार मोठे असते. पत्ता नसेल तर पत्र संपादकांच्या नावे पाठवावे. अनेक अंकांत लेखाखालीच लेखकाचा भ्रमणध्वनी क्रमांक असतो, तरी पहिल्यांदा फोन करू नये, कारण समोरचा माणूस संकोचतो. आणि पत्रात स्वतःच्या कथेचा उल्लेख मुळीच नको. ‘अहो रूपम्’ची सुरुवात तिथूनच होते.

जुनी_अनुक्रमणिका :
पाणवठा यांच्याशी सहमत आहे. एकच पुस्ती जोडतो : न विचारता दोष दाखवू नयेत. खटकलेले असेल तर प्रश्न विचारावा. लेखक सुज्ञ असेल तर ओळखतो.

माळरान :
सर्वांचे आभार. काल गेल्या वर्षीचा अंक पुन्हा काढला आणि माझ्या शेजारच्या पानावरची कथा वाचली. बैलबाजारातून हात हलवत परतणाऱ्या बापलेकांची आहे. वाटेत दोघेही एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत, फक्त मोकळे दावे आलटून पालटून खांद्यावर घेतात. लेखकाचा पत्ता अंकात नाही, म्हणून संपादकांच्या नावे पत्र लिहायला घेतले आहे. त्या दाव्यापलीकडे अजून एक ओळही सुचलेली नाही.