ऑफरोडला निघताना गाडीत काय भरायचं? विंच हवी की फावडं पुरे?

लाल_जांभा
बेळगावहून खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे दोन दिवस जायचं म्हटलं की लोक जीप अशी भरतात, जणू यल्लमाच्या जत्रेला निघालेली चक्कडी. छतावर रॅक, रॅकवर डिझेलचे दोन कॅन, हाय-लिफ्ट म्हणजे उंच दांड्याचा जॅक, पुढे विंच (ड्रमवर दोरी गुंडाळून गाडी ओढणारं मोटरचं यंत्र). यातलं निम्मं बेळगावातच ठेवा. 20 लिटर डिझेल म्हणजे साधारण 17 किलो, पत्र्याचा कॅन धरून 20 च्या वर. असे दोन डोक्यावर बांधले की आडव्या उतारावर गाडी आधीच कलायला लागते. बेळगावात टाकी भरली तर या पट्ट्यात दोन दिवस कॅन उघडावाच लागत नाही.

माझी यादी: आखूड दांड्याचं फावडं, दोन रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या फळ्या), कायनेटिक दोरी (गाडी ओढून काढायची, ताणणारी), दोन शॅकल (दोरी हुकाला जोडायच्या पिनेच्या कड्या), हवेचा काटा, 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर, पंक्चर किट, बाटली जॅक आणि त्याखाली ठेवायला फूटभर चौकोनी, 18 मिलीमीटरचं प्लायवूड. चिखल लागला की हवा 32 वरून 20 पीएसआयवर आणा. निम्म्या वेळा बाकी काही काढावंच लागत नाही.

उद्यमबाग_गॅरेज
यादी बरी आहे, पण कायनेटिक दोरीचं दुसरं टोक बांधणार कुणाला, म्हशीला? ती ओढणारी दुसरी गाडी असेल तरच कामाची. एकटी गाडी जाणार असेल तर विंच हवीच. नुसत्या बोर्डावर भिस्त ठेवली आणि गाडी पोटावर बसली, म्हणजे चारही चाकं घसरतायत आणि डिफरन्शियल, म्हणजे अॅक्सलच्या मधला गोळा, मातीत रुतलंय, तर बोर्ड चाकाखाली सरकवायलाच तासभर खणावं लागतं. तेही पावसात.

सड्यावरचा
आणि विंचची दोरी अडकवणार कुठे? चोर्ल्याच्या बाजूला सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, उभे राहून बघा की ओ. कारवी आणि गवत, बस्स. लोक सांगतात, स्टेपनी पुरा आणि तिचा नांगर करा, म्हणजे दोरी तिला बांधा. जांभ्यावर वीतभर माती, खाली कातळ, तिथे स्टेपनी कुठे पुरता? शिवाय 9500 पौंडांची विंच स्टीलच्या तारेसकट 35 किलोच्या पुढे जाते आणि ते सगळं वजन पुढच्या अॅक्सलच्याही पुढे लटकतं. पुढच्या स्प्रिंगा बसतात.

उद्यमबाग_गॅरेज
सिंथेटिक दोरी लावा, दहाएक किलो कमी होतं. झाडं असतील तिथे तीन इंच रुंद पट्टा घ्या, नुसती तार बुंध्याला आवळली की साल सोलते. आणि 9500 हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा. दोरी जितकी कमी सोडाल तितकी ताकद कमी, वरच्या थरावर जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. म्हणून लांबचं झाड धरा, नाहीतर पुली लावून दोरी दुहेरी करा: ओढ दुप्पट, वेग निम्मा. इंजिन चालू ठेवा, पूर्ण ताणावर विंच 400 अँपिअरच्या आसपास खाते.

काळी_माती
तुम्ही दोघं खानापूर सोडून बाहेर यायलाच तयार नाही. बैलहोंगल, सौंदत्तीच्या काळ्या मातीत हे गणितच वेगळं. जांभ्याच्या रस्त्यावर वरचा थर निसरडा, पण खाली घट्ट असतं, हवा कमी केली की टायर तिथे धरतो. काळी माती टायरच्या खाचांत भरते, दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत रूळ होतो आणि मडगार्डात गोळे अडकतात. तिथे 18 पीएसआयनेही फार फरक पडत नाही. इथे हवं चाकांच्या साखळ्यांचं पुडकं आणि खरवडायला जुनं खुरपं. फावडं पाण्यात बुडवून मारा, नाहीतर चिखल पात्यालाच चिकटतो. स्टेपनी पुरायची असेल तर मात्र इथेच पुरा, खणायला माती भरपूर आहे.

जळू_नको
यादीत जळवांसाठी मीठ आणि तंबाखूचं पाणी नाही. पावसाळ्यात कणकुंबीला गाडीखाली झोपून खणायचंय, लक्षात ठेवा.

मलप्रभाकाठ
काय न्यायचं यावर भांडताय, कुठे ठेवायचं हे कुणी बोलत नाही. मागचं दार आडवं उघडणाऱ्या गाड्यांत गाडी चरात कलली की दार बांधाला अडतं. दोरी, शॅकल, हातमोजे मागच्या सामानाखाली असतील तर संपलं. ही पिशवी पुढच्या सीटमागे, आणि शॅकल चिखलात शिरायच्या आधीच हुकात. पिन पूर्ण आवळून पाव फेरा उलटी सोडा, नाहीतर ताण बसल्यावर ती हातानं सुटत नाही. पाणी आणि हत्यारं जमिनीलगत, मागच्या अॅक्सलच्या पुढे, रॅचेट पट्ट्यानं बांधून. बाटली जॅक उभाच ठेवा. आडवा पडून खडखडत गेला की तेल गळतं, हवा शिरते आणि ऐन वेळी तो अर्धाच उचलतो.

कॉम्प्रेसरचे चिमटे थेट बॅटरीला. सिगारेट सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावला की फ्यूज उडतो.

लाल_जांभा
दाराचा मुद्दा मान्य. एकटी गाडी असेल तर विंचचाही मान्य, पण मग हाय-लिफ्ट तरी काढा. तेरा किलोचं धूड. आजच्या प्लास्टिक बंपरला तो लावायला जागाच नाही, आणि ओल्या मातीत त्याचा पाय रुततो.

उद्यमबाग_गॅरेज
हाय-लिफ्ट काढला. पण दोरीबद्दल एक राहिलं: टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, कधीच अडकवू नका. बॉल तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो. ताणाच्या मधोमध ओलं गोणपाट टाका, माणसं दोरीच्या दीडपट लांब. आणि बाराशे किलोच्या जिमनीला थारची जाड दोरी घेऊ नका. ती ताणतच नाही, सगळा धक्का हुकाला बसतो.

सड्यावरचा
टायर कापला तर? जांभ्याची धार बाजूच्या भिंतीला लागते, तिथे पंक्चरची वात टिकत नाही. निघायच्या आधी स्टेपनीची हवा कोण बघतं?