मदत हवी आहे: अल्पाइनवर स्ट्रपीटाइम '%जे' वाचतं, पण तारीख ३१ डिसेंबर येते

नमस्कार मंडळी,

पर्जन्यमापकाच्या डेटा लॉगरच्या फायली वाचणारा माझा छोटा सी प्रोग्राम दोन वर्षं बिनतक्रार चालू होता. मागच्या आठवड्यात तो उबुंटूवरून अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये हलवला. जुन्या फायली पुन्हा लोड केल्या, तर २०२४च्या जूनचा सगळा पाऊस ३१ डिसेंबर २०२३ या एकाच तारखेखाली जमा! तास-मिनिटं मात्र अचूक. टाइमझोन तपासला, त्याचा संबंध नाही.

लॉगर महिना देत नाही, वर्षातला कितवा दिवस ते देतो. एक ओळ अशी:

२०२४ १५३ ०६:३०

म्हणजे १ जून, सकाळचे साडेसहा. फॉरमॅट '%वाय %जे %एच:%एम' (वर्ष, वर्षातला कितवा दिवस, तास, मिनिटं). तारीख-वेळेचा स्ट्रक्ट आधी मेमसेटने शून्य करतो, मजकुरातून तारीख वाचून तो भरणाऱ्या स्ट्रपीटाइमने नल (म्हणजे वाचता आलं नाही) दिला का ते बघतो, मग त्या स्ट्रक्टवरून प्रत्यक्ष वेळ काढणारं एमकेटाइम. नल येतच नाही, त्यामुळे लॉगमध्ये एकही एरर नाही. मला सगळ्यात जास्त खुपतंय ते हेच. सरळ फेल झालं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.

जीडीबी डीबगर लावून पाहिलं. टीएम_वायडे (वर्षातला दिवस, शून्यापासून मोजलेला) दोन्हीकडे १५२, बरोबर. पण उबुंटूची सी लायब्ररी ग्लिबसी त्यावरून महिना आणि तारीखही काढून भरते, अल्पाइनची सी लायब्ररी मसल वाचलं तेवढंच भरते. टीएम_मॉन (महिना, ० म्हणजे जानेवारी), टीएम_एमडे (महिन्यातली तारीख) शून्यच राहतात. एमकेटाइम टीएम_वायडेकडे बघत नाही, आणि जानेवारीची शून्य तारीख म्हणजे आदल्या वर्षाचा ३१ डिसेंबर. मसलला मी दोष देत नाही; ग्लिबसीची सोय मीच नियम धरून बसलो होतो.

सध्या स्ट्रपीटाइमनंतर टीएम_मॉन = ० आणि टीएम_एमडे = टीएम_वायडे + १ करतो. '१५३ जानेवारी'चा १ जून एमकेटाइम करून देतं, दोन्ही लायब्रऱ्यांवर.

दोन ठिकाणी अडलोय. लीप नसलेल्या वर्षात ३६६ आलं तर ते निमूट पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीवर जातं. एमकेटाइमनंतर टीएम_इयर बदललं का एवढं पाहणं पुरेसं आहे का? आणि दुसऱ्या एका केंद्राच्या फायलींत वर्ष, आठवडा, वार असं येतं. ग्लिबसी त्यातूनही तारीख काढते, मसल आठवड्याचा आकडा वाचून सोडून देते. इथे एमडेची युक्ती सरळ लागू होत नाही. एसस्कॅनएफने वाचून १ जानेवारीच्या वारावरून स्वतः हिशोब करावा, की कोणाकडे दोन्हीकडे चाललेला कोड आहे?

मूळ फायली शाबूत आहेत. उत्तर मिळालं की सगळा डेटा नव्याने भरणार आहे.