अनुभव धागा: मैदान बंद, पोट्टे घरात. काय टिकलं, काय फसलं?

धागा काढणारी, यवतमाळ जिल्हा
मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा, मैदान आणि सवंगडी एकदमच सुटले. ग्रामीण भागात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून उघडू लागले, पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ पासून. तोवर पोरं खाटेवर मोबाइल घेऊन पडलेली. हालचालीने मन सावरतं हे सगळेच सांगतात. कसं करायचं ते लिहा: दोर किती लांब, वेळ कोणती, बिघडतं कुठे. पुन्हा तशी वेळ आली तर गावाच्या कामी येईल.

जिल्हा परिषद शाळेतले क्रीडाशिक्षक
जागतिक आरोग्य संघटनेचं माप ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं, तेही दम लागेल असं. पण महिनाभर बसून असलेल्या पोराला पहिल्याच दिवशी तास सांगितला की तिसऱ्या दिवशी ते सोडतं. दहा-दहा मिनिटांपासून सुरू करा.

दोरीउड्या सगळ्यात सोप्या, पण दोर नीट पाहिजे. बाजारातली बारीक नायलॉनची दोरी हलकी असते, हवेत लटपटते, पायात अडकते आणि पोरगं चिडून फेकून देतं. बैलाचा जुना सुती कासरा घ्या. मधोमध पाय देऊन उभं राहा, दोन्ही टोकं काखेपर्यंत आली की लांबी बरोबर. टोकांना पीव्हीसी पाइपचे पाच इंची तुकडे ओवून बाहेरून गाठ मारा, म्हणजे दोर पिळ खात नाही. २० उड्या, तेवढाच दम, असे १० फेरे. उडी दोर जाईल एवढीच, उंच नको. नुकत्याच सारवलेल्या ओल्या अंगणात पाय घसरतो. पोतं अंथरलं तर ते पायाखाली गोळा होतं.

कबड्डी, आट्यापाट्या शिवाशिवीचे खेळ, साथीत नाहीत. विटी-दांडू चालतो, फक्त दांडू ज्याचा त्याचा. एकच दांडू दहा हातांत फिरला तर अंतर ठेवून उपयोग काय?

पोलीस भरतीची तयारी करून घेणारे, अमरावती जिल्हा
अठरा-बावीसच्या पोरांचं दुखणं वेगळं आहे. भरती पुढे गेली की वयाची अट डोक्यात घर करते. त्यात रोज १६०० मीटरला घड्याळ लावलं तर चार सेकंद जास्त लागले म्हणून अख्खा दिवस खराब. वेळ फक्त रविवारी मोजा. मुलींच्या ८०० मीटरचंही तेच. बाकीचे दिवस बोलता बोलता पळता येईल एवढाच वेग.

रोज डांबरी रस्ता धरला की नडगी धरते. हाडाच्या आतल्या कडेने बोट दाबत गेलं तर लांब पट्टाभर दुखतं. तेव्हा अंतर निम्मं करा, पांदणीच्या मुरमावर पळा. नांगरलेल्या वावरात नको, घोटा मुरगळतो. दुखणं एकाच बिंदूवर असेल, रात्रीही ठणकत असेल तर हाडाला चीर असू शकते. पळणं थांबवून डॉक्टरला दाखवा.

आणि दोघांनी पळा, मधे सहा हात सोडून. एकट्याने ठरवलेली पहाट आठवडाभरात मोडते. पांदणीच्या तोंडाशी कोणी उभं आहे म्हटलं की पाय आपोआप निघतात. माझ्या मते पळण्याइतकंच हे वाट पाहणं मनाला धरून ठेवतं.

आरोग्य सेविका, अकोला जिल्हा
भाऊ, उन्हाचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ च्या पुढे जातो आणि स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला राहतो. पहाटे साडेपाच ते सात, एवढीच वेळ. खूप घाम गेला तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंदाजे मूठ टाकू नका. डोकं दुखून मळमळलं की सावलीत बसवा. बरळायला लागला तर अंगावर पाणी, वारा आणि लगेच दवाखाना.

मास्क लावून पळू नये, अंतर ठेवावं. करोना होऊन गेला असेल तर लक्षणं जाऊन किमान ७ दिवस नुसता आराम, मग काही दिवस फक्त चालणं. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर तिथेच थांबा आणि तपासून घ्या.

मुलींच्या कबड्डी मार्गदर्शक, वर्धा जिल्हा
"निंदायला जाते, पाणी भरते, तिला आणखी व्यायाम कशाला?" हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. कामाने अंग थकतं, पण आपल्या मनाने केलेल्या खेळाचा मनावर जो परिणाम होतो तो त्यातून होईलच असं नाही. आधी आईशी बोला आणि तिच्याकडूनच अर्धा तास मागून घ्या, नाहीतर मधेच हाक येते. घरातला मोबाइल भावाकडे असतो, म्हणून व्यायाम व्हिडिओवर पाठवू नका. खडूने भिंतीवर लिहून द्या.

समुपदेशक
जो खाटेवरून उठतच नाही त्याला "पळ, बरं वाटेल" म्हणू नका. बरं वाटल्यावर करू म्हटलं तर ते होत नाही; थोडं केलं की मागून बरं वाटायला लागतं. पहिला आठवडा दारापासून विहिरीपर्यंत जाऊन यायचं, बस. जायच्या आधी मन दहापैकी किती आणि आल्यावर किती, ते वहीत लिहा.

दोन आठवडे झोप, जेवण, बोलणं उडालेलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं तोंडी येत असेल तर व्यायामावर विसंबू नका. एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घराबाहेर कुलपात ठेवा, १४४१६ लावा. टेलिमानस म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी फोनसेवा, ती ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मोफत, रात्रीही चालू.

एक वाचक, वाशीम जिल्हा
गुरुजी, सुती कासरा आता मिळतच नाही, सगळे नायलॉनचे.

क्रीडाशिक्षक
मग जुन्या लुगड्याच्या चार-चार बोटं रुंद तीन पट्ट्या फाडा आणि घट्ट वेणी घाला. वेणीत लांबी आखडते, म्हणून पट्ट्या दीडपट लांब घ्या. हलकी वाटली तर मधला हातभर भाग पाण्यात बुडवून पिळून घ्या.