शेजारच्या कुत्र्याचा दात लागला मुलीला. काकांशी वाकडं न घेता मार्ग काढायचाय

नमस्कार. राहायला शाहूपुरीत. गल्ली नंबर सांगत नाही, इथं कोल्हापूरची मंडळी बरीच आहेत.

शेजारच्या काकांकडं जर्मन शेफर्ड आहे, ब्रुनो. खरं तर तो त्यांच्या मुलाचा. लॉकडाऊनमध्ये हौसेनं आणला, नंतर मुलगा गेला पुण्याला आणि कुत्रं राहिलं काकांच्या गळ्यात. काका सत्तरीचे, गुडघे गेलेले. फिरवणं त्यांच्याच्यानं होत नाही. दिवसभर ते जनावर बोळाएवढ्या अंगणात येरझाऱ्या घालतं आणि फाटक उघडं सापडलं की सुसाट सुटतं.

आणि फाटक उघडं सापडतंच, ही खरी गोम. २०१९ च्या पुरात बिजागऱ्या गंजल्या, तेव्हापासून ते एका अंगाला कललंय. कडी खाचेच्या दोन बोटं खाली येते, बसतच नाही. काका खालून वीट लावतात. ब्रुनो नाकानं वीट सरकवतो, हे मी आमच्या पायरीवर बसून बघितलंय.

तीन आठवड्यांपूर्वी माझी सात वर्षांची मुलगी सायकल फिरवत होती. हा मागं धावला, ती पडली, पोटरीला दात लागला. जखम मोठी नव्हती, पण रक्त आलं. बायकोनं नळाखाली साबण लावून घड्याळ बघून पंधरा मिनिटं धुतली, पोरीला हलू दिलं नाही. मग सीपीआर, म्हणजे इथलं सरकारी हॉस्पिटल, गाठलं. रक्त आलंय म्हणून रेबीजच्या लसीबरोबर जखमेत सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिलं. ०, ३, ७ या दिवसांचे डोस झाले, २८ व्या दिवसाचा डोस राहिलाय. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा म्हणाले होते. तो ठणठणीत आहे.

काकांचं म्हणणं, "अरे, तो खेळायला आला होता. पोरगी पळाली म्हणून झालं. लस टोचलेली आहे त्याला." लसीची वही मागितली. दुसऱ्या दिवशी दाखवली, शेवटचं स्टिकर दोन वर्षांपूर्वीचं.

तुम्ही म्हणाल, सरळ पोलिसात जा. पण त्याच पुरात आमच्या बैठ्या घरात छातीएवढं पाणी होतं आणि बोट येईपर्यंत दोन रात्री आम्ही पाच माणसं काकांच्या माडीवर होतो. काकू तेव्हा होत्या, असेल नसेल ते शिजवून घातलं त्यांनी. आई अजून सणाचं ताट आधी तिकडं पाठवते. इकडं बायको विचारते, "मग पोरीला दारात सोडायचीच नाही का?" तिचंही बरोबरच.

गल्लीत एकजण सह्या गोळा करतोय, कुत्रं घालवा म्हणून. तालमीतली पोरं म्हणतात, "आम्ही एकदा बोलतो." बोलणं म्हणजे काय, ते कोल्हापुरात सांगायला नको.

मुलाला परस्पर फोन करावा का? काकांना ती चहाडी वाटेल. आणि कायद्यानं काय होतं, तेही निदान माहीत असावं.

प्रतिसाद १:
सह्यांच्या नादाला लागू नका. बहुमतानं ठराव केला तरी कुणाला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना तशा आहेत. मालकाच्या निष्काळजीपणासाठी मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते खिशात असू द्या, इतक्यात बाहेर काढू नका. केसपेपर आणि जखमेचे फोटो जपून ठेवा. 'साखळीनं बांधा' असंही सुचवू नका. न फिरवता कायम बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं क्रूरतेत येतं, शिवाय बांधलेलं कुत्रं जास्त चिडकं होतं.

प्रतिसाद २:
भावा, तालमीला मध्ये घालू नको. पोरं वाईट नसतात, पण गल्लीसमोर विषय निघाला की म्हाताऱ्या माणसाला माघार घ्यायला वाट राहत नाही. आधी वेल्डर बोलाव. बिजागऱ्या नव्या आणि आपोआप पडणारा खटका, नाकानं उचलता येणार नाही एवढा उंच. पैसे तू देतो म्हण. फिरवायला एखादं पोरगं महिन्यानं लाव, तो खर्च लेकाकडनं. लसही त्याच्याच गळ्यात घाल, कुत्रं त्याचं आहे.

धागाकर्ता:
फाटकाचं बोललो. काका जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "निम्मे मी देणार." शनिवारी वेल्डर येतोय. रात्री मुलालाही फोन केला. तो म्हणाला, "दात लागला? बाबा तर म्हणाले नुसता भुंकला." आता रविवारी तो येतोय आणि फोन मी केला हे काकांना अजून माहीत नाही. त्यांना आधी कसं सांगू, ते सुचवा.