जुन्या होंडा सिटीला मोठी चाकं: १६ इंची घ्यावीत की १५ वरच थांबावं?

कसारा_उतार:
नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची सिटी, व्ही मॅन्युअल, पेट्रोल. टायर कंपनीच्याच मापाचे, १७५/६५ आर१५ (रुंदी १७५ मिमी, बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, चाक १५ इंची), आणि पार गोटा झालेत. पावसाळ्याआधी चारही बदलायचेच आहेत, तर सोबत चाकंही मोठी करावीत असं डोक्यात आलंय. मुलगा १७ इंचीवर अडून बसलाय, बायकोचं म्हणणं गाडीच बदला. वापर म्हणाल तर रोज नाशकात, आणि अधूनमधून कसारा उतरून कल्याणला सासुरवाडी. हायवेला मोठा ट्रक शेजारून गेला की गाडी जरा हलते, ते कमी झालं तर बरं. टायर-चाकं मिळून चाळीस हजारांच्या आसपास बसवायचंय. काय घ्यावं?

घाटमाथा:
आधी आकडे बघू. तुमच्या टायरची एकूण उंची साधारण ६०८ मिमी येते. नवीन जोडी याच्या दोन टक्क्यांच्या आतबाहेर ठेवायची, म्हणजे स्पीडोमीटर आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) दोघंही शांत राहतात.
१९५/६० आर१५: ६१५ मिमी. आहे त्याच अलॉयवर (मिश्रधातूच्या चाकावर) बसतो.
१८५/५५ आर१६: ६१० मिमी. जवळजवळ मूळचीच उंची.
१९५/५५ आर१६: ६२१ मिमी. वेर्नावाल्यांचं माप. दोन टक्क्यांच्या काठावर, वळवताना मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासण्याची शक्यता.
२०५/४५ आर१७: ६१६ मिमी.
उंचीत १७ सुद्धा बसतं, म्हणून दुकानदार 'आरामात बसेल' म्हणतो. खोटं नाही, पण अर्धंच सांगतो. टायरची बाजूची भिंत बघा: आत्ता ११४ मिमी रबर आहे, १६ मध्ये ते १०२ होतं आणि १७ मध्ये ९२. खड्ड्याचा दणका खायला तेवढंच काय ते असतं. भिवंडी बायपासला पावसाळ्यात रात्री पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही. तिथे ९२ मिमीचा टायर दाबला जाऊन रिमची कड आणि डांबर यांच्यामध्ये चिमटला की आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा आलेला दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकायचाच.
माझं मत: १९५/६० आर१५. अलॉयचे पैसे वाचतील.

नानाची_टांग:
झालं, आले सगळे भिंत मोजायला. माझ्या सिटीवर २०५/४५ आर१७ आहेत. वळणावर गाडी रुळावरून चालल्यासारखी जाते आणि पार्किंगमध्ये चार माणसं वळून बघतात. खड्डे बघून चालवा की राव. (स्टेअरिंग जड झालंय आणि मायलेज थोडं पडलंय, हे मान्य. रिमही ठोकून सरळ करून घ्यावी लागली आहे, पण ते असो.)

घाटमाथा:
नाना, कंसातलंच ठळक अक्षरात लिहा.

गॅरेजवाला_काका:
रोज हेच काम करतो म्हणून दोन शब्द. टायरच्या मापावर सगळे भांडतात, चाक हबवर (चाक ज्यावर आवळतात तो गाडीचा मधला भाग) कसं बसतं ते कोणी विचारत नाही.
सिटीला चार नट, ते १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. हे माप बाजारात ढिगाने मिळतं. पण मधलं भोक होंडाचं ५६.१ मिमी, आणि बाजारातल्या अलॉयचं बहुतेक वेळा ६७ किंवा ७३. मधल्या फटीत हब रिंग बसवली नाही तर चाक नेमकं मध्यावर येत नाही. मग ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंग करत फिरत राहतो.
दुसरं नटांचं. होंडाच्या मूळ अलॉयची नटाची बैठक गोल असते, बाहेरच्या अलॉयची शंकूसारखी. जुनेच नट नव्या चाकाला आवळले तर वरून घट्ट दिसतात, पण आत कडेवरच टेकलेले असतात. हळूहळू ढिले होतात. नवीन अलॉय घेताना शंकूवाले नट (१२ मिमी, १.५ पिच) वेगळे मागून घ्या आणि टॉर्क पान्ह्याने १०८ न्यूटन मीटरला आवळून घ्या. काही दिवस गाडी चालली की पुन्हा तपासा. एअर गनने घर्रकन आवळून पाठवणाऱ्याकडे जाऊच नका.
तिसरं ऑफसेट, म्हणजे चाकाची हबवर टेकणारी बाजू चाकाच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे ते. मूळ चाकाच्या मागच्या बाजूला 'ईटी' लिहून आकडा कोरलेला असतो, तो बघून घ्या. नव्या चाकाचा आकडा त्यापेक्षा फार कमी असेल तर चाक बाहेर येतं. दिसतं झकास, पण बेअरिंगवर ताण येतो आणि मागे माणसं बसली की टायर मडगार्डला घासतो.
आणि महत्त्वाचं: गाडी जुनी आहे. ट्रकशेजारी हलते म्हणताय, ते टायरमुळेच असेल असं नाही. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी सांधे, आणि शॉकअप एकदा लिफ्टवर घेऊन बघा. बुश गेलेले असतील तर नवा टायर आतल्या कडेने झिजणार.

आरटीओचा_फेरा:
एक कोणी बोललं नाही. गाडी २०११ ची म्हणजे २०२६ मध्ये पंधरा वर्षं भरतात आणि नोंदणीचं नूतनीकरण येतं. तेव्हा तपासणीला गाडी आरटीओत न्यावी लागते, शुल्क पाच हजार, वर पर्यावरण कर. टायर मडगार्डबाहेर आलेले असतील तर तिथे वाद नक्की. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फेरफार चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलंय. विमा कंपनीलाही लेखी कळवून ठेवा. मी तर म्हणेन आधी नूतनीकरण, मग हौस.

घाटमाथा:
अवांतर, पण १६ च हवे असतील तर एक वाट आहे. २०१७ च्या सिटीच्या वरच्या व्हेरियंटला होंडानेच १८५/५५ आर१६ दिले होते. लोक नवी गाडी घेऊन लगेच मोठी चाकं घालतात आणि कंपनीची उतरवलेली अलॉय विकायला काढतात. नटांचं वर्तुळ तेच, भोक तेच, गोल बैठकही तीच, म्हणजे काकांच्या यादीतल्या हब रिंग आणि नट दोन्ही गोष्टी गळाल्या. ऑफसेट मात्र जुळवून बघा. आणि घेण्याआधी चारही रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या. वाकलेली असेल तर कड वर-खाली होताना डोळ्यांनाच दिसते.
नवी घेणार असाल तर मागच्या बाजूला आयएसआय किंवा जेडब्ल्यूएलची (अलॉय चाकांच्या जपानी दर्जाची) खूण बघा. काहीच नसेल तर स्वस्तात मिळाली तरी सोडा.

कसारा_उतार:
सगळ्यांचे आभार. काकांचं ऐकून आज गाडी लिफ्टवर घेतली. डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला निघाला. म्हणजे चाळिसातले काही पैसे तिकडे जाणार. १९५/६० आर१५ वर मन बसतंय, मुलाला सांगायचं बाकी आहे. दोन शंका: जुना १७५ चा टायर स्टेपनीत ठेवला तर चालेल का? आणि रुंद टायर पावसात जास्त धरतो ना?

घाटमाथा:
स्टेपनी चालेल. उंचीत साडेसहा मिमीचाच फरक आहे. फक्त पंक्चर काढेपर्यंत वापरा आणि वेग आवरा. त्यातल्या त्यात कमी झिजलेला ठेवा, गोटा नको.
पावसाचं मात्र उलटं आहे. रस्ता नुसता ओला असेल तर रबर चांगलं असलेला रुंद टायर बरा, पण पाणी साचलेलं असेल तर रुंद टायर लवकर तरंगतो. १७५ वरून १९५ म्हणजे फार नाही, तरी खोल नक्षीचा घ्या. कसाऱ्याला उजव्या लेनमध्ये पाणी धरतं, तिथे जपून.

गॅरेजवाला_काका:
टायर घेताना बाजूला चार आकडे कोरलेले बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ०९२५ म्हणजे २०२५ चा नववा आठवडा. वर्षाहून जुना माल असेल तर दुसरा मागा, काढून देतात. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) ८४ च्या खाली नको. १९५/६० ला सहसा ८८ असतो, म्हणजे प्रश्नच नाही. बुश बदलल्यावरच अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा, आधी केलंत तर पैसे वाया.

नानाची_टांग:
मुलाला माझ्या गाडीत एक चक्कर मारायला पाठवा. खर्च माझा.

घाटमाथा:
भिवंडीमार्गे पाठवा.