सिग्नलला ‘एन’ की ‘डी’? आणि मधेच रिक्षा

जालनारोडकर:
कालच्या पोस्टीत एका भाऊंनी ज्ञान पाजळलं: “ऑटोमॅटिक गाडी थांबली की लगेच एन, म्हणजे न्यूट्रल करा, गिअरबॉक्स जन्मभर टिकतो.” कोणता गिअरबॉक्स, ते सांगाल का? टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरच्या मधे तेल फिरतं. ब्रेक दाबून डीवर, म्हणजे ड्राइव्हवर मिनिटभर थांबलात तर काही जळत नाही. उलट क्रांती चौकापासून सिडकोपर्यंत दर दहा फुटांवर एन-डी, एन-डी केलं की आतल्या क्लचला दर वेळी धक्का. सिग्नल लांबचा असेल तर एन आणि हँडब्रेक, तेही पाय अवघडतो म्हणून. पी, म्हणजे पार्किंगचं कुलूप, तर रांगेत नकोच. मागून कुणी ठोकलं तर भार आतल्या एका चिमुकल्या खिळीवर.

मोंढ्यातला:
आणि एएमटीचं, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअलचं काय? २०१४ ला सेलेरिओ आली तेव्हापासून लोक तिला ऑटोमॅटिक म्हणतात. गिअरबॉक्स मॅन्युअलच, फक्त क्लच मशीन दाबतं. गेल्या दिवाळीत मोंढा नाक्याच्या पुलावर चढाला अडकलो. मागं सरकू नये म्हणून ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवली. पाच मिनिटांत जळक्या रबरासारखा वास. पोरगी म्हणे, “पप्पा, कुणी टायर पेटवलाय का?” टायर नव्हता, माझीच क्लच प्लेट होती.

वाळूज सेकंड शिफ्ट:
साधं आहे. ब्रेक दाबून उभे राहा, पुढची रांग पंधरा-वीस फूट सरकू द्या, मग एकदाच सोडा.

मोंढ्यातला:
पंधरा फूट! कोणत्या गावात राहता? सहा फूट सोडले की रिक्षा आडवी.

सिडको एन-७:
रिक्षाचं नाव कामून काढता? माझे वडील तीस वर्षं रिक्षा चालवतात. तीन सीटा भरून जातात. तुम्ही एकटे एसी लावून अख्खी लेन अडवता, आणि घुसखोर आम्ही?

मोंढ्यातला:
इंडिकेटर दिला असता तर बोललो नसतो.

सिडको एन-७:
तुम्ही देता का? खरं सांगा.

जालनारोडकर:
अहो, धागा गिअरचा होता! लायसन्स कुणाचं खरं, ते आरटीओत ठरवा.

मोंढ्यातला:
बरं बाबा, टॉर्क कन्व्हर्टरपुरतं तुमचं खरं. माझ्या गाडीत तो नाही, म्हणून कबूल करायला सोपं जातंय. पण पंधरा फुटांचं मी मानत नाही.

वाळूज सेकंड शिफ्ट:
मानू नका. वास तुम्हालाच यायचाय.