होल्डेम: पहिल्या जागेवरून एक्का-गुलाम टाकायचा का?

कृष्णाकाठ (सांगली):
सांगली-मिरजेकडं तीन पत्तीत मुरलेली मंडळी आता पैसे न लावता, चिप्सवर होल्डेम (पोकरचा एक प्रकार) खेळताना दिसतात, आणि एक्क्याचा मोह तसाच सोबत घेऊन येतात. तीन पत्तीत 22,100 पैकी 16,440 हातांत जोडीसुद्धा नसते, म्हणून तिथं एक्क्याला वजन. होल्डेममध्ये हातातली दोन आणि टेबलावरची पाच अशा सात पानांतली चांगली पाच धरतात; सातही पानं उघडली तर जोडीसुद्धा न लागणं 17 टक्केच. नुसता एक्का इथं चालत नाही.

नऊ जण असतील आणि तुम्ही बिग ब्लाइंडच्या (पानं बघण्याआधीच सक्तीच्या मोठ्या चिप्स लावणाऱ्याच्या) लगेच डावीकडं, म्हणजे पहिल्या जागेवर असाल, तर सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एका कलरचे असतील तरच एक्का-गुलाम नि राजा-राणी. बाकी सगळं फोल्ड, म्हणजे टाकून द्यायचं. 1,326 पैकी 88 हात, साडेसहा टक्के.

यवतेश्वर (सातारा):
आकडे बरोबर, पण पटलं नाही. समोरचे कुठलाही एक्का धरून येतात, असं तुम्हीच म्हणताय. मग एक्का-पंजी, एक्का-सत्तीवाल्यांच्या चिप्स घ्यायच्या कशानं? एक्का-गुलामानंच. टाकू नका, तीनऐवजी पाच बिग ब्लाइंडचा रेज करा, म्हणजे बोली तेवढी वाढवा. शिवाय इतकं मोजकं खेळलात की टेबल ओळखतं; तुम्ही रेज केला की सगळे फोल्ड.

कृष्णाकाठ (सांगली):
मागं आठ जण आहेत हो! हातात एक्का-गुलाम असताना त्यांच्यापैकी कुणाकडं तरी एक्का-राजा, एक्का-राणी किंवा गुलामापासून वरची जोडी असण्याची शक्यता जवळपास चारात एक. एक्का-राजापुढं तुम्ही जेमतेम चारातून एकदा जिंकता, आणि फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत) एक्का आला की सगळ्यात जास्त चिप्स तिथंच जातात. शिवाय असल्या टेबलावर पाच ब्लाइंडलाही चौघं कॉल करतात, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून आत राहतात. चार जण कुठलीही पानं घेऊन शेवटपर्यंत राहिले, तर एक्क्यांची जोडीसुद्धा 56 टक्केच जिंकते.
हीच पानं बटणावर (डीलरच्या जागेवर) आली आणि तुमच्या आधीचे सगळे फोल्ड झाले, तर बेधडक रेज करा. मागं दोघंच उरतात.

मिरज जंक्शन:
चिप्स किती उरल्यात हे दोघंही धरत नाही. तिर्रीची जोडी घ्या. फ्लॉपवर तिसरी तिर्री साधारण साडेआठ वेळांतून एकदा येते, आणि आली तरी दरवेळी पूर्ण वसुली होत नाही. म्हणून 20 चिप्सचा कॉल करायचा तर तुमच्याकडं आणि रेज करणाऱ्याकडं, दोघांकडंही निदान 300 हव्यात. एकाकडं 100 असतील तर फोल्ड.
आणि ‘कलर आहे’ म्हणून राजा-चौव्वी खेळणं सोडा. फ्लॉपवरच कलर पूर्ण होणं 119 त एकदा, चार पानं जमणं नवात एकदा. राजाची जोडी लागली तरी दुसऱ्याच्या राजा-राणीपुढं मार खाते. त्यापेक्षा एका कलरची सत्ती-अठ्ठी बरी, तीही बटणावरून, दोन-तीन जण आधीच आत असतील तरच.

यवतेश्वर (सातारा):
नऊ जणांचं मान्य. पण घरच्या बैठकीत सहाच असतील तर पहिल्या जागेच्या मागं पाच उरतात, आणि तुमची चारात एकची भीती सहात एकवर येते. तिथं एक्का-गुलाम फोल्ड करणं म्हणजे चिप्स सोडणंच. मी तिथं एक्का-दश्शीही रेज करीन. एक्का-नव्वी मात्र टाकीन.